उत्तरेची भिंत

प्रबोध इनामदारला स्वस्थ बसणं मुळातच जमत नसे, पण २०१६च्या त्या शनिवारी संध्याकाळी त्याने कहर केला. ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत बाकावर त्याची बायको जाई शहाळं पीत होती आणि हा तिच्यासमोर येरझाऱ्या घालत इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चची माहितीपुस्तिका फोनवर वाचत होता. तीही काम संपल्यावर!

काम साधं होतं. तिथल्या लोकांनी लेसरने चर्च मोजलं होतं आणि वन-नॉर्थ या इथल्या ऑफिसांच्या भागातल्या प्रबोधच्या कंपनीने त्यावरून नकाशे काढले होते. उत्तरेची भिंत वरच्या बाजूला साडेचार इंच बाहेर झुकलेली दिसत होती. आयुष्यभर नव्याकोऱ्या इमारतींची कामं केलेल्या या गृहस्थाला वाटलं, दोन दिवसांची मोजमापं जोडताना गफलत झाली. त्याने कॉम्प्युटरवर भिंत सरळ करून टाकली. हरीशने, म्हणजे त्याच्या मॅनेजरने, शाबासकीही दिली.

पुस्तिका वेगळंच सांगत होती. बाराव्या शतकातल्या त्या भिंतींवर तीनशे वर्षांनी शिशाच्या पत्र्यांचं जड छप्पर चढलं आणि उत्तरेची भिंत कलू लागली. म्हणून बाहेरून दोन दगडी टेकू दिले, आतून भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी सळया घातल्या. १९११ साली तिथल्या पाद्रींनी ओळंबा सोडून कल मोजला, तो तीन इंच भरला. म्हणजे साडेचार इंच ही गफलत नव्हती, भिंत अजून कलतच होती. प्रबोधने ते टेकू शोभेचे समजले होते. त्याच्या नकाशात भिंत सरळ, म्हणून सळया आता सोमवारी काढायच्या होत्या.

त्याने हरीशला फोन केला. हरीश समजुतीने म्हणाला, की सोमवारी ऑफिसात बघू, तुझ्या पासचे कागद माझ्याकडेच आहेत, आत्ता घोळ नको. प्रबोधला संताप आला, हरीशचा थोडा आणि स्वतःचा फार. पास म्हणजे परदेशात काम करायचा परवाना; तो गेला तर बाडबिस्तरा गुंडाळून पुणं गाठावं लागणार होतं.

"सोमवारपर्यंत तू मला वेड लावशील," जाई म्हणाली. "आधी तिकडे फोन लाव."

तिकडे दुपार होती. चर्चची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी फोन उचलला. प्रबोधने आडपडदा न ठेवता सांगितलं, की भिंत मी सरळ केली, खरी ती झुकलेली आहे.

"किती?" बाईंनी विचारलं.

"साडेचार इंच."



"कामगार लवकर आले होते. सळया कालच काढल्या," बाई म्हणाल्या. "उद्या इथे बाप्तिस्मा आहे. आम्ही चौघी आत फुलं लावतोय."

प्रबोध जवळजवळ ओरडलाच. "सगळं टाका आणि बाहेर या. आत्ता."

बाईंनी कुणाकुणाला हाका मारल्या. दगडी फरशीवर पावलं वाजली, मग जड दार बंद झालं. किल्ली फिरल्याचाही आवाज आला.

"आलो सगळ्या," धापा टाकत बाई म्हणाल्या. "आमच्या इंजिनियरला काय सांगू? चूक कुणाची म्हणू?"

"माझी," प्रबोध म्हणाला. "नाव लिहून घ्या."