चाळीस ओळी खाली

मी एक टीप बोलतेय. संगणकाच्या कर्नेलमध्ये, म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्राम ज्याच्या भरवशावर चालतात त्या गाभ्यात, माझं घर आहे. यंत्र मला वाचत नाही, ते मला ओलांडून सरळ पुढे जातं. मला वाचतात ती फक्त माणसं, आणि तीही सवड असली तर.

मला सरांनी, म्हणजे हा कर्नेल सांभाळणाऱ्या गटाच्या प्रमुखांनी, लिहिलं. बाहेरून येणारा संदेश किती लांब आहे ते तपासणारी ओळ त्यांनी आधी लिहिली. मग चाळीस ओळी खाली तो उतरवून घेणारी ओळ लिहिली आणि तिथे मला बसवलं: ‘लांबी वर तपासली आहे. पुन्हा तपासू नये.’ सर मोजकं बोलायचे, म्हणून मीही आटोपशीर. सरांच्या हातची असल्याचा मला थोडा तोराही होता.

पुढे सर निवृत्त झाले. परवा एका अनोळखी संशोधकाचं पत्र आलं. मुद्दाम फार लांब संदेश पाठवला की कर्नेल कोसळतो आणि यंत्र जागच्या जागी बंद पडतं. हे कोणालाही दूर बसून करता येतं. आमचा कर्नेल रुग्णालयांतल्या यंत्रांतही आहे. ऐकून सगळ्यांचे चेहरे उतरले.

काम धाकटीकडे आलं. गटात ती एके काळी सर्वांत लहान होती. आता केस पिकायला लागलेत, तरी नाव तेच राहिलं. तिने तपासणीची ओळ लिहिली, तोच घातक संदेश पाठवून पाहिला. यंत्र तग धरून राहिलं. उरली फक्त नोंद. चूक कोणाच्या बदलातून आली ते दुरुस्तीच्या नोंदीत लिहायचं, अशी इथली रीत आहे. ती नोंद मग जगभर वाचली जाते.

शेजारचा सहकारी पडद्यात डोकावला.

“‘वर तपासली आहे’ म्हणे! वर आहे कुठे काय? सरांनी चक्क थाप मारलीय. टाक त्यांचं नाव.”

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. माझं सोडा, पण ज्या माणसाने आयुष्यभर एकही ओळ न तपासता पुढे जाऊ दिली नाही, त्याच्यावर खापर फुटणार होतं.

“सर असं करणार नाहीत,” धाकटी म्हणाली.

जुने बदल एकेक करत ती मागे मागे गेली. दुपारी तिला सापडलं. तपासणी होती, सरांचीच होती. ती काढणारीचं नाव धाकटीचं होतं, नोकरीच्या सहाव्या महिन्यातलं. ‘खाली तपासलं जातंच, दोनदा कशाला?’ असं कारणही तिने दिलं होतं. खाली येऊन मला मात्र वाचलं नव्हतं.

मग तिने सरांना फोन लावला.

“सर, ती तपासणी मी काढली होती.”

“मंजूर कोणी केलं?”

“...तुम्ही.”

“मग झालं तर. तू केलंयस म्हणजे नीटच असणार, असं धरून चाललो मी. माझंही नाव लिही.”

“नको ना, सर.”

“अगं, लिही. खरं आहे ते.”

मला लिहिणारेच मला विसरले होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

डोळे पुसून धाकटीने नोंद लिहिली: ‘तपासणी मी काढली. मंजुरी सरांची. खालची टीप लिहिली तेव्हा खरी होती. आम्ही दोघांनीही ती वाचली नाही.’ सहकाऱ्याने ती वाचली आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

आता मला पुसावंच लागेल. जिथे तपासायलाच हवं, तिथे ‘तपासू नये’ म्हणणारी टीप कशी ठेवणार? माझी तक्रार नाही. फक्त वरचं काही काढाल, तेव्हा खाली कोणी त्याच्या भरवशावर बसलंय का, तेवढं बघत जा.

धाकटीने मला निवडलंय, माझी ओळ निळी झालीय. निघताना ‘येते’ म्हणतात, पण मी काही परत यायची नाही.