दुसऱ्याच्या खणातली सही

मी सही बोलतेय. शाईची नव्हे. शाईची सही कागदावर बसते, पिवळी पडते, तिला म्हातारपण तरी असतं. मी करंगळीएवढी, निळ्या प्लास्टिकची, कॉम्प्युटरच्या कुशीत खुपसायची. ऑफिसातले लोक मला टोकन म्हणतात. म्हणोत. कायद्यानं मी सहीच आहे, डिजिटल सही, आणि ज्या बाईची आहे ती साधीसुधी बाई नाही. साध्या बाईची असते तर खणात जन्मले आणि खणात मेले, एवढ्यावर माझी गोष्ट आटोपली असती.

रतन खिल्लारे तिचं नाव. वय अडुसष्ट. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर तिचा गाळा आहे, त्यात चौदा शिलाई मशिनी. दवाखान्यातल्या नर्सांचे, वॉर्डबॉयचे कपडे तिथे शिवले जातात. हिंगोलीकडून आली तेव्हा तिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. शाळेनं दार उघडलं नाही, म्हणून ही बाई रद्दीवर शिकली. वाण्याकडून पुड्या बांधून यायच्या, त्या उलगडून. आणि पुड्यांना नेमकं मागचं पान यायचं, जाहीर नोटिसांचं. 'तमाम जनतेस कळविण्यात येते की' हे तिनं आयुष्यात वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य. अजूनही ती पेपर मागून वाचायला घेते. कुणाची कागदपत्रं हरवली, कुणी नाव बदललं, कुणाची खोली विकली. "पुढच्या पानावर पुढारी, मागच्या पानावर माणसं," म्हणते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म दोन वर्षांपूर्वीचा. मला काढताना तिला मोबाइलसमोर बसवून नाव बोलायला लावलं होतं, ही तीच बाई आहे याची खात्री म्हणून. समोरचा म्हणाला, "मावशी, जरा हसा ना." ती म्हणाली, "सही काढतेय रे, स्थळ बघायला नाही आले."

'उजेड युनिफॉर्म्स एलएलपी' हे तिच्या कारखान्याचं नाव. एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी. भागीदार तिघे. एक रतन. दुसरी शकु, पहिल्या मशीनपासूनची तिची मैत्रीण. तिसरा आकाश, रतनच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. सहा वर्षांचा होता तेव्हापासून तिनंच वाढवला, शिकवला, भागीदार केला.

मला मात्र तिच्या घरात एक रात्रही मिळाली नाही. मुलुंडला नंदकिशोर नावाचे सल्लागार आहेत, सरकारी फॉर्म भरून देतात. ते म्हणाले, "सह्या इथंच राहू द्या. दर वेळी कशाला खेटे घालता?" झालं. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात मिठाईचा एक रिकामा डबा आहे, त्यात मी पडले. आत बघते तर साठेक जणी! डॉक्टरांच्या, बिल्डरांच्या, एका देवस्थानाच्या विश्वस्ताची सुद्धा. प्रत्येकीच्या पाठीवर कागदाची पट्टी, त्यावर मालकाचं नाव आणि खाली तिला बोलतं करायचा गुप्त आकडा. गुप्त! अर्ध्या मुलुंडची जीभ त्या डब्यात पडून होती. नंदकिशोर चोर नव्हते. चोर असते तर परवडलं असतं, चोरावर माणूस नजर ठेवतो. ते सोय बघणारे गृहस्थ होते.

गेल्या ऑक्टोबरात वार्षिक फॉर्मसाठी रतन स्वतः आली आणि तिनं माझ्या पाठीवरची पट्टी पाहिली.

"हे काय हो शुभाताई? कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारीच खिळ्याला?"

शुभा तिथं बावीस वर्षं नोकरीला. तोंडानं गरीब, पण डोळे जागे. तिनं आकडा कसा बदलायचा ते दाखवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. रतननं एका हातानं आडोसा करून आठ आकडे दाबले. ते माझ्या पोटात गेले, तिच्या नि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते. ती मला घेऊनच निघाली होती, नंदकिशोर म्हणाले, "काही शंका निघाली तर लागेल, राहू दे." ती थांबली. माझ्या पाठीवरच्या जुन्या पट्टीकडे तिनं एकवार पाहिलं.

"बरं, राहू दे. पट्टीही राहू दे." शुभाला म्हणाली, "कोण वाचतंय ते कळेल."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी तीन वाजता ते कळलं.

खण उघडला. टेबलापाशी आकाश होता. पायानं सारखी जमीन ठोकत होता, तो हादरा डब्यापर्यंत येत होता.

"सर, फॉर्म आजच टाकून देऊ. तो ठाण्याचा गुंतवणूकदार रोज फोन करतोय. पाच हॉस्पिटलांची ऑर्डर आहे. पण तो म्हणतो प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा, तरच येतो. एलएलपीत शेअर नसतात, तर तो घेणार काय?"

"ते ठीक. पण मावशी?"

"मावशीला मी समजावीन ना. आधी होऊ दे. कंपनी करतोय अशी पेपरात नोटीस छापून पंधरा दिवस झाले, कोणी हूं की चूं केलं का? त्या नोटिसा वाचतं कोण यार?"

मला डब्यात घाम फुटला. प्लास्टिकला फुटत नाही म्हणतात. त्या दिवशी फुटला.

का, ते सांगते. कंपनी काय नि एलएलपी काय, कायद्याच्या डोळ्यांना दोन्ही स्वतंत्र व्यक्तीच. दोघींना आपलं नाव, आपली मालमत्ता. दोघी कोर्टात आपल्या पायांनी उभ्या राहतात. माणूस मेला तरी त्या जगतात. धंदा बुडाला तर एरवी राहत्या घरावर टाच येत नाही, लबाडी केली असेल तर गोष्ट वेगळी. इथवर सख्ख्या बहिणी. फरक घराच्या आत आहे. एलएलपी चालते भागीदारांच्या करारावर. रोजची कामं तिथंही बहुमतानं होतात, पण नवा भागीदार घ्यायचा तर सगळ्यांनी हो म्हणावं लागतं, आणि करारात तसं लिहिलं नसेल तर कितीही जण एक झाले तरी कुणा भागीदाराला उंबऱ्याबाहेर काढता येत नाही. कंपनीत शेअर मोजतात. ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त, तो सभा बोलावून संचालकाला घरी पाठवू शकतो. ठाण्याच्या माणसाला शंभरातले साठ हवे होते. म्हणजे रतन संचालक राहणार होती, पण त्याच्या मर्जीपर्यंत. चौदा मशिनींवरच्या बायांना कोण ठेवणार, कोण काढणार, हे मग असल्फ्यात ठरलं नसतं.

त्यांच्या करारात एक कलम होतं: संस्थेचं रूप बदलायचं तर तिघांच्याही सह्या हव्यात. ते कलम रतननंच घालून घेतलं होतं. म्हणून मी.

आधी शकुची सही काढली. बिचारी माझ्या शेजारचीच. पट्टीवरचा आकडा दाबला, आणि संमतीपत्रावर शकुचं 'हो' उमटलं. त्या घटकेला शकु असल्फ्यात काजं करत बसली असेल! तिची सही परत डब्यात पडली तेव्हा माझ्याकडे बघेना.

मग माझी पाळी. मला नाही म्हणता येत नाही हो. आकडा बरोबर असला की हात कुणाचाही असो, मी उमटणार. माझ्या जातीला एवढा एकच शाप आहे. आणि एक उपाय: दहा वेळा आकडा चुकला की मी कायमची मुकी.

शुभा कीबोर्डपाशी बसली होती. पट्टीवरचा आकडा पडला. पडद्यावर लाल अक्षरं: नऊ संधी शिल्लक.

"हळू टाका हो." पुन्हा तोच. आठ.

"आधारवरची जन्मतारीख टाका, एक जून." अर्धं गाव एक जूनला जन्मलंय. सात. सालाचे आकडे उलटे. सहा. मग आकाश म्हणाला, "चौदा एप्रिल असणार, बघा." त्याला वाटलं, मावशीला एवढ्यातच ओळखून टाकलं. पाच. मग नंदकिशोरांनी स्वतः एकपासून आठपर्यंत आकडे दाबले. चार.

शुभानं हात मांडीवर घेतले. "सर, त्यांनी आकडा बदललाय. माझ्यासमोर."

"मग बोलत का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही. ही सही कुणाची, ते पण नाही विचारलंत."

नंदकिशोरांनी फोन लावला आणि तो मोठ्यानं ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे मशिनींची घरघर.

"रतनबाई, तो टोकनचा नंबर जरा सांगता का? वार्षिक फॉर्म होता."

"वार्षिक फॉर्म एक मे महिन्यात आणि एक ऑक्टोबरात. हा फेब्रुवारी हाय." घरघर थांबली. तिनं हात वर करून थांबवली असणार. "आकाश तिथं बसलाय का?"

आकाशचा जमीन ठोकणारा पाय थांबला.

"बसलाय. मी येते. येईस्तोवर माझ्या पोरीला हात लावू नका."

पोर म्हणाली मला. साठ जणींनी ऐकलं.

असल्फ्याहून मुलुंडला रिक्षानं पाऊण तास. त्या पाऊण तासात आकाशनं खुर्ची ओढून कीबोर्ड आपल्याकडे घेतला. नंदकिशोर "अरे, राहू दे" म्हणाले, पण हात धरला नाही. गाळ्याचा नंबर आणि पिनकोड: तीन. मावशीचा मोबाइल: दोन. मग थोडा थांबला आणि स्वतःची जन्मतारीख टाकली. बाई आपल्यावर एवढा जीव टाकते, तर तीच असेल, असं वाटलं असावं. तीही नव्हती. एक संधी शिल्लक. त्याचं तोंड पडलं, ते मी इतक्या जवळून पाहिलं की मलाच कसंनुसं झालं.

दार उघडलं. पुढे रतन, हातात घडी घातलेला पेपर. मागे शकु, गळ्यात अजून माप घ्यायची फीत.

"जयभीम साहेब," शकु म्हणाली. "शुभाताईनं फोनवर कळवलं, मी हो म्हटलंय म्हणे. कशाला म्हटलंय तेवढं सांगा."

रतननं पेपर टेबलावर उलगडला, 'उजेड'ची नोटीस वर करून. मागचं पान. "पंधरा दिवस वाट बघतेय, आकाश. तू सांगशील म्हणून. रोज जेवायला बसलास माझ्यापुढं. भाजीत मीठ कमी हाय ते सांगितलंस."

"तू ऐकतेस का कुणाचं?" आकाश उसळला. "महिनाभर सांगतोय! एलएलपी म्हटलं की लोक हसतात मावशी. चौदा मशिनींच्या चाळीस होतील. बाया वाढतील, कमी नाही होणार. सगळ्या आयुष्यात एकदा कुणावर विश्वास टाकशील का?"

"चाळीस कर, कर की! ते चूक म्हटलं का मी? कंपनी वाईट नसते रे, मला कळतं तेवढं. पण साठ त्याचे झाले की मी चाळिसातली एक. तो म्हणेल, म्हातारी पुरे, मशिनी भिवंडीला न्या. तू अडवशील?"

"तो तसा नाही."

"तसा नसेल. पण तो कसा हाय यावर मी चौदा बायांचं जेवण ठेवू? कागद असा पाहिजे की माणूस वाईट निघाला तरी चालंल."

नंदकिशोर घसा खाकरून म्हणाले, "रतनबाई, एकच संधी उरलीय. आता नंबर बरोबर टाकला तर अजूनही..."

"सरका." ती कीबोर्डपाशी उभी राहिली. बोट वर धरलं. आकाश श्वास रोखून बघत होता. खरं सांगते, मलाही वाटलं ही माया आडवी येणार. पोराच्या तोंडाकडे तिनं पाहिलंही. मग एकेक करून तिनं आठ शून्यं दाबली.

सही बंद झाली. म्हणजे मी.

"आता नवी काढायची तर माझं तोंड लागंल," ती म्हणाली. "माझ्या तोंडाला पट्टी नाही. शुभाताई, शकुचा तो कागद पुसून टाका. आणि शकुची सही द्या इकडं."

आकाश खुर्चीत तसाच. पडद्याकडे बघत म्हणाला, "आकडा काय होता?"

"पहिल्या मशीनचा नंबर. त्या पितळी पट्टीवरचा."

त्या मशीनखाली तो लहानपणी झोपायचा. त्या पट्टीवर बोट फिरवत आकडे शिकला होता. त्याच्या आधी रतन शिकली होती.

"ऐक," ती म्हणाली, आवाज आता खाली आला होता. "तुझी कंपनी काढ. वेगळी. त्या ठाण्याच्या माणसाला घे तिच्यात, साठ दे नाहीतर नव्वद दे. कायद्यानं कंपनी व्यक्ती असते ना? मग तिला आमची भागीदार होता येतं, मी वाचलंय. तिला आमच्या दारात येऊन, माणसासारखं विचारू दे. तिघं हो म्हटलो तर आत. साहेब, होतं ना असं?"

नंदकिशोरांनी चष्मा काढून पुसला. "होतं. मला सुचायला हवं होतं."

"तुम्हाला विचारणारं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या सह्या तुमच्याच खणात."

मार्च संपता संपता आकाश आपल्या कंपनीचा अर्ज घेऊन गाळ्यात आला. स्वतःच्याच गाळ्यात, चप्पल बाहेर काढून. शकुनं चहा दिला, अर्ज घेतला आणि म्हणाली, "वाचून सांगते. मला अक्षर लावायला वेळ लागतो. पंधरा दिवस धर." रतन मशीनवरून मान वर न करता हसली. पाचव्या दिवशी शकुला एक शब्द अडला, तो आकाशनंच तिच्याशेजारी बसून वाचून दिला.

मी हे सगळं बघते ते गाळ्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून. माझ्याकडून आता काहीही होत नाही. नवी सही आली, ती रतनच्या कपाटात राहते. कुणी विचारलं, की हा निळा तुकडा कशाला बाळगता, तर बाई मला अंगठ्यानं पुसते आणि म्हणते, "ही एकदा नाही म्हणाली होती."

वाचणाऱ्यांनो, तुमची सही कुठल्या खणात आहे, आज जाऊन बघा. आणा तिला घरी.