साळूबाईचा जबाब

"तुम्ही तर मयत आहात," खिडकीपलीकडच्या मॅडम म्हणाल्या, आणि राम आवारीनं मागे वळून पाहिलं, की हे नक्की कुणाला म्हणतायत.

मागे फक्त पाण्याचा माठ होता. मॅडमनी जुनं रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. पानं पिवळी पडली होती, पण शाई अजून धड होती.

"भिमाजी आवारी अशी नोंद त्या वर्षी नाही. पुढच्या-मागच्या वर्षांतही बघितलं, नाही. आवारी एकच आहे. हे बघा. मयताचे नाव राम आवारी. वय अंदाजे चाळीस. कारण कावीळ. माहिती देणार साळूबाई, नातं पत्नी. खाली अंगठा."

"साळूबाई माझी आई हाय, मॅडम."

"इथं तुमची बायको आहे."

राम हसत सुटला. हसण्याच्या बाबतीत तो फार उदार माणूस. शेंडीमळ्यात त्याची पिठाची गिरणी होती, दिवसभर पट्ट्याच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्याचं हसू खिडकीपाशी थांबलं नाही, पार घरपट्टीच्या रांगेपर्यंत गेलं. भुवयांवर कायम पिठाचा पांढरा थर. रांगेतल्या एकानं तर म्हटलंसुद्धा, "मयताचा रंग तर बरोबर हाय." त्यावर तो आणखी हसला.

त्याला वडिलांचा मृत्यूचा दाखला हवा होता. अकोले तालुक्यातल्या गावी भाताची चार खाचरं अजून वडिलांच्याच नावावर होती. चुलतभाऊ सहादेवचा फोन आला, की आमच्या नावांचं काम चाललंय, तूही वारस लावून घे, पुन्हा कोण एवढी धावपळ करणार. माणूस चांगला, नाहीतर सांगतो कोण! पण वारस लावायचा तर आधी वडील वारल्याचा कागद हवा. वडील वारले तेव्हा शेंडीमळा नगरचं उपनगर झालेलं नव्हतं, नुसतं गाव होतं, ग्रामपंचायत होती. तिची सगळी दप्तरं आता महापालिकेच्या या कार्यालयाच्या कपाटात आली होती. आता बाहेरच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असलं, तरी आत येणारा प्रत्येक जण नगरच म्हणत होता.

मॅडमचं नाव मुबश्शिरा. वयानं लहान, पण कामाला पक्की आणि माणसांना न कंटाळणारी. तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. वडिलांची निधनवार्ता पेपरात आली होती का? दशक्रियेची पत्रिका छापली होती? काही जुनं असेल तर आणा, पुराव्याला लागतं.

"कसली पत्रिका, मॅडम! आता चौकात मानूस गेलं की संध्याकाळच्या आत फ्लेक्स लागतो. तवा आमाला इथं दगडाच्या खानीवर येऊन वरीस झालं नव्हतं. कुनी वळखत पन नव्हतं."

"मग तुमचा शाळेचा दाखला आणा, त्यावर वडिलांचं नाव असेल. जुनं रेशनकार्ड आणा. दोन जणांची प्रतिज्ञापत्रं. आणि माहिती देणारी व्यक्ती हयात आहे का?"

"हाय की. धडधाकट हाय."

"मग त्यांना घेऊन या. नोंद त्यांनी दिली, तर चूक कशी झाली हा जबाबही त्यांनीच द्यायचा. समक्ष."

गिरणी बंद करून राम घरी आला तो हाच किस्सा तोंडात घोळवत. बायको पंकजा भाकऱ्या थापत होती, आई सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, मॅडमचा आवाज काढून, रांगेतल्या माणसाच्या टोल्यासकट. "म्हंजी बघ, मी मेलोय आन् आई माझी इधवा हाय!" पंकजाला हसू आवरेना, थापती भाकरी परातीतच फाटली.

साळूबाई हसली नाही. तिचा हात सुपातल्या तांदळावर नुसता पडून राहिला.

"त्यांनी खोडलं का त्ये?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुजं नाव. खोडलं का न्हाई अजून?"

रामच्या तोंडावरचं हसू तिथंच विरलं. ही 'असं कसं झालं' म्हणत नव्हती. हिला ठाऊक होतं.

"आई, तुला म्हाईत हुतं?"

साळूबाईनं सूप बाजूला सारलं. सुनेकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, आणि कुणाकडंच न बघता बोलायला लागली.

"गिरामशेवक आला त्या दिशी. बाहेर तिरडी बांधायचं चाललं हुतं. समदी परकी मान्सं, खानीवरची, कुनी कुठलं, कुनी कुठलं. तुज्या बापाला समदी पाव्हनं म्हनायची, नाव कुनाला म्हाईत! गिरामशेवक म्हनला, बाई, मयताचं नाव सांगा. मी कसं घ्यावं त्येंचं नाव? म्हनलं, आमचं मालक. त्यो म्हनला, मालक समद्यांचेच असत्यात, नाव सांगा. मग म्हनला, नाव न्हाई तर नोंद न्हाई, आन् नोंद न्हाई तर मयत उचलायची न्हाई. ऊन चढाया लागलं. मान्सं कामाची खोळंबलेली. समदी माज्या तोंडाकडं बघाया लागली."

"मग?"

"दिराचं नाव घ्यायचं न्हाई. सासऱ्याचं न्हाई. घरातल्या बाप्याचं मला घेता यील असं येकच नाव हुतं. तुजं. त्ये तोंडातून गेलं." तिनं पदर ओठांवर धरला. "त्यानं लिव्हलं, आन् मोठ्यानं वाचलं. राम आवारी, मयत. मी ऐकलं, नाना. माज्या कानानं ऐकलं. तू दारात हुतास, चड्डी वर वढत. सुधरायचं तर त्येंचं घ्यावं लागलं आसतं. मी मुकी ऱ्हायले. अंगठा दिला."

पंकजानं तवा खाली उतरवला.

"तवापासनं तुला नाना म्हनते," साळूबाई म्हणाली. "रामाला न्यायला कुनी आलंच, तर या घरात राम न्हाई. नाना हाय."

आपल्याकडं पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवतात, की काळानं पाहावं आणि दगडधोंडा समजून पुढं जावं. हे रामनंही ऐकलेलं होतं, त्यावर हसलेलाही होता. पण आपण स्वतःच तसा एक दगड आहोत, हे त्याला पन्नाशीला आल्यावर कळत होतं. सगळा शेंडीमळा त्याला नाना म्हणायचा. गिरणीवर पाटीसुद्धा 'नानाची गिरणी'. त्याला वाटायचं, लाडाचं नाव आहे, आईनं ठेवलं आणि लोकांनी उचललं.

आणि मग एकामागून एक गोष्टी त्याच्यापुढे यायला लागल्या. आई शाळेत येऊन गुरुजींशी भांडली होती, की हजेरीत पोराचं नाव घेऊ नका, नंबर घ्या. गुरुजी भले, त्यांनी वर्षभर नंबर घेतला, पोरं चिडवायची. पुढं एकदा त्याला टायफॉइड झाला. दवाखान्यात एका मावशींनी "राम आवारी कोण?" असा पुकारा केला, तर आईनं धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. केवढी बाचाबाची झाली तेव्हा! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चार दिवस तो आईशी बोलला नव्हता. त्याच्या लग्नात पत्रिकेवर 'चि. राम' छापून आलं, तर तिनं आपल्या हातानं एकही पत्रिका कुणाला दिली नाही, आणि बायका म्हणाल्या, म्हातारीला सून पसंत नाही.

सगळी हयात तो तिला तऱ्हेवाईक समजत आला होता. प्रेमानं समजत होता, पण तऱ्हेवाईकच. आणि ही बाई, एकटी, अंगठाबहाद्दर, एका सरकारी नोंदीसमोर आडवी उभी होती, रोज, इतकी वर्षं, आणि त्याबद्दल कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. रामला तिच्याकडं नीट बघवेना. देवळात गाभाऱ्यापुढं मान आपोआप खाली जाते, तशी त्याची मान खाली गेली. आपलं जगणं आपल्या कमाईचं आहे असं त्याला कालपर्यंत वाटत होतं.

"चल माझ्यासंगं," तो शेवटी म्हणाला. "खोडून टाकू. नाव त्या मॅडम लिवतील, तू नुसता अंगठा दे. तुला घ्यावं लागनार न्हाई."

"न्हाई लागायचं?"

"न्हाई."

दाखला आणि प्रतिज्ञापत्रं जमवण्यात रामचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तर ती ठेवणीतलं हिरव्या काठाचं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली होती.

कार्यालयात मुबश्शिरानं तिला खिडकीपाशी उभं केलं नाही. आत बोलावून स्वतःच्या टेबलाशेजारी खुर्ची दिली. रामनं शाळेचा दाखला, रेशनकार्ड, दोघांची प्रतिज्ञापत्रं पुढं ठेवली, आणि झाला प्रकार थोडक्यात, आज न हसता, सांगितला. तिनं तो ऐकून घेतला आणि जबाब टाइप करायला घेतला.

"आजी, तुमचं पूर्ण नाव?"

"साळूबाई... आवारी." म्हातारीनं मुलाकडं हात केला. "मधलं ह्यो सांगंल."

रेशनच्या दुकानात, मतदानाला, बँकेत, सगळीकडे ती हेच म्हणायची. स्वतःचं नावसुद्धा तिला कधी सलग घेता आलं नव्हतं. रामनं मधलं सांगितलं. मुबश्शिरानं पुढचा मजकूर लिहिला आणि तिला समजेल अशा बेतानं वाचून दाखवला. नोंदीत चुकून मुलाचं नाव लागलं, तो हयात आहे, समोर हजर आहे, मयत इसम माझे पती भिमाजी कोंडाजी आवारी.

"नाव मी घातलंय, आजी. तुम्ही नका घेऊ. माझी नानीपण घ्यायची नाही, नुसतं 'बच्चों के अब्बा' म्हणायची. तुम्ही फक्त इथं अंगठा द्या." तिनं कागद छापून आणला आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं.

साळूबाईनं अंगठा शाईला टेकवला. कागदापर्यंत नेला. आणि मागं घेतला.

"काय झालं, आई?"

"मागल्या बारीला बी दुसऱ्यानंच लिव्हलं," ती म्हणाली, "आन् मी मुकी बसले."

"अगं, पन आता बरोबर लिव्हलंय."

"तुला वाचता येतं. मला काय ठावं, काय लिव्हलंय?" मग मुबश्शिराकडं वळून, एकदम मऊ आवाजात, "लेकी, तुज्यावर इस्वास न्हाई असं न्हाई. पन त्ये खोड. मी सांगते, मग तू लिव."

मुबश्शिरानं वाद घातला नाही. तो कागद फाडून बाजूला टाकला, स्क्रीनवरचं नाव पुसलं आणि तेवढी जागा मोकळी ठेवली. हात कीबोर्डवर ठेवून, गिरामशेवकानं विचारलं असेल तेच तिनं विचारलं, पण हलक्या आवाजात.

"मयताचं नाव?"

साळूबाईचे ओठ हलले, आवाज आला नाही. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलेलं नाव. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तिनं ते इतकं पाळलं की तो गेल्यावरही पाळत राहिली. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी शिक्के मारत होतं, ते थांबलं. रामला वाटलं, आता पुरे, हिला घेऊन घरी जावं, ती खाचरं गेली उडत.

"भिमाजी," साळूबाई म्हणाली.

तो आवाज रामनं कधी ऐकलेला नव्हता. म्हातारीचा नव्हताच तो. खाचराच्या बांधावर भाकरी घेऊन उभ्या राहिलेल्या एखाद्या तरण्या बाईनं पलीकडच्या माणसाला साद घालावी, तसा मोकळा, खणखणीत, सगळ्या खोलीभर झालेला. घरपट्टीच्या रांगेतल्या माणसांनीही माना वळवल्या.

"भिमाजी कोंडाजी आवारी," ती पुन्हा म्हणाली, सासऱ्याच्या नावासकट, न अडखळता. आणि तिनं दाराकडं पाहिलं.

हाक मारल्यावर माणूस 'ओ' येईपर्यंत थांबतो, तशी ती थांबली होती. मान किंचित पुढं, डोळे उंबऱ्यावर. मुबश्शिराची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली, तिनं एकही अक्षर दाबलं नाही. दारातून एक माणूस हातात पावती घेऊन आत आला, सगळे आपल्याकडंच का बघतायत ते त्याला कळेना, तो भिंतीला लागून उभा राहिला. आपण बोलावं असं रामला वाटलं, पण ती हाक त्याच्यासाठी नव्हती.

बऱ्याच वेळानं साळूबाईनं मान फिरवली आणि शाईचा अंगठा पुढं धरला.

"लिव आता, लेकी," ती म्हणाली. "न्हाईत त्ये."