तीनशे बारा जणांचा एक नंबर

दवाखान्यातल्या संगणकावरचा नोंदणीचा फॉर्म त्यानेच बनवला होता. दहा आकडी मोबाइल नंबर टाकल्याशिवाय फॉर्म तसूभरही पुढे सरकत नसे, आणि या नियमाचा त्याला कोण अभिमान! आज जुनी यादी तपासताना मात्र त्याचं डोकंच चक्रावलं. तीनशे बारा पेशंट, आडनावं वेगळी, पत्ते वेगळे, आणि नंबर एकच. एवढं मोठं कुटुंब असतं तरी कुणाचं?

शेवटी त्याने तो नंबर लावून पाहिला. शेजारच्या खुर्चीवर नोंदणीवाल्या मावशींची पर्स वाजू लागली.

"मावशी, हा तुमचा नंबर?"

"मग काय करू? ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांनाही तुझा मेला फॉर्म सोडत नाही! टाकते माझा. रिपोर्ट आला की जाता-येता निरोप पोचवते."

तो गोंधळून यादी खाली सरकवत राहिला आणि एका नावावर थांबला.

"ही तर माझी आई! ती कधी आली होती इथे?"

"मागच्या आठवड्यात," मावशींचा आवाज उतरला. "म्हटलं, लेकाचा नंबर द्या. तर म्हणाल्या, त्याचा नको, तो उचलत नाही."