एका फोटोनं काय हुतंय

"किरणांचा कणभर अंशसुद्धा पुढच्या पिढ्यांच्या रक्तात उतरतो," असं डॉ. देवल गंभीरपणे म्हणाले, तेव्हा त्यांच्या हातात कांदाभजं होतं.

"कणभरानं काही होत नाही. उन्हात बसता ना तुम्ही?" असं म्हणून डॉ. आगाशांनी भज्यांची बशी आपल्याकडे ओढली.

कराडच्या त्या दवाखान्यात चौसष्ट साली हा वाद भरात होता. किरण निरुपद्रवी म्हणणारे आगाशे शिशाचा एप्रन चढवल्याशिवाय एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकत नसत. घातक म्हणणारे देवल खोलीत फिरकतच नसत. एप्रन एकच होता. रडणारी पोरं आणि थरथरणारी म्हातारी माणसं यंत्रापुढं धरून उभा राही तो नाथाजी. त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

आज आष्ट्याचे हिंदुराव दारात उभे होते. नाथाजीची बनू त्यांनी सून म्हणून पसंत केली होती. साखरपुडा तोंडावर आला, आणि देवलांचं वाचनालयातलं व्याख्यान त्यांच्या कानावर गेलं.

"नाथाजी, तुमच्यातनं पोरीत किरण उतरल्यात म्हणं."

"आवं पावनं, कोण म्हणतं?"

"डाक्टरच म्हणतोय की! आमाला वंश चालवायचाय. पोरीचा फोटो काढा. आत किरण असलं तर दिसंलच."

"काढला की मग जात्याल आत."

"एका फोटोनं काय हुतंय? गेल्या साली खोकल्यापायी माझा काढलासा न्हवं? देवल डाक्टरच म्हणालं, साफ हाय."

फोटो काढावा, यावर दोन्ही डॉक्टरांचं पहिल्यांदाच एकमत झालं. एकाला काही नाही हे दाखवायचं होतं, दुसऱ्याला आहे हे.

नाथाजीनं बनूला आत नेऊन दार लावलं.

"आबा, दुखतं का वो?"

"न्हाई. बस हितं गप."

यंत्राला त्यानं हात लावला नाही. कपाटातून एक जुना फोटो शोधून काढला, नुकताच धुतलेला वाटावा म्हणून नळाखाली ओला केला आणि बाहेर आणला.

आगाशांनी तो उजेडात धरला. "ठणठणीत मुलगी!"

"खाली डावीकडे धूसर आहे," देवल म्हणाले. "वंशाला धोका नाकारता येत नाही."

हिंदुराव उठले. "आमच्या घराण्यात कुणाच्या छातीत असलं न्हाई," ते खोकत म्हणाले. "तुझी पोर तुझ्यापाशी ठेव."

ते गेल्यावर बनू हळूच म्हणाली, "आबा, त्यो माझा न्हवता म्हणून सांगायचं हुतं की."

"मग तुझा काढाय लावला असता."

नाथाजीनं फोटो पुसून पुन्हा जागेवर ठेवला. छाती हिंदुरावांची होती.