टाकीजवळचा सांधा

त्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं मी वर्षभर स्वतःला बजावत होतो. पण घरमालकीणबाई पिच्छाच सोडेनात. "नळ उघडला की आधी खोकतो, मग थुंकतो," त्या म्हणाल्या, "आणि मग पाईप ठोकतो. बरोबर तीनदा. दोन प्लंबर हात टेकून गेले. शेवटचा तर म्हणाला, घर विका."

"पाईपात हवा धरली असेल. तेवढ्यावरून घरं विकायला लागली तर सगळेच रस्त्यावर येतील."

बोललो खरा, आणि शेवटी हत्यारांची पिशवी उचलून गेलो.

मी आणि थोरला भाऊ जोडीनं प्लंबिंगचं काम करायचो. दादा वर टाकीपाशी, मी खाली नळापाशी. मधे दोन मजले, ओरडून घसा कोण फोडणार? म्हणून पाईपावर पान्यानं ठोकायचं. दोन ठोके म्हणजे 'पाणी सोडतोय'. तीन म्हणजे 'वर ये, हात दे'. खालून एक ठोका गेला की समजायचं, 'आलो'.

त्या दिवशी याच घरी सकाळी आमचं वाजलं होतं. कारण सांगायचीही लाज वाटते: माझा पाना त्यानं न विचारता उचलला होता. नंतर वरून तीन ठोके आले. मी ऐकले. पुन्हा तीन आले. बसू दे ठोकत, म्हणून मी जागचा हललो नाही. त्यानंतर ठोके आले नाहीत. दादाच खाली आला, गच्चीवरून अंगणात.

पोलिसांना, वहिनीला, या बाईंनाही मी एकच सांगितलं होतं, की मला काही ऐकू आलं नाही.

आता न्हाणीघरातला नळ उघडला. तो खोकला, थुंकला आणि पाईप तीनदा वाजला. अडकलेल्या हवेमुळे पाण्याचा दणका बसतो आणि पाईप भिंतीवर आपटतो, हे मी शंभर गिऱ्हाइकांना समजावलंय. स्वतःला समजावता येईना. मला भीती वाटत होती.

वर गेलो. टाकीतून पाईप निघतो तिथला सांधा कुणीतरी कापड गुंडाळून भागवला होता. कापड सोडलं. आटे अर्धेच बसले होते. नळ उघडला की सांधा तिथून हवा ओढायचा. तो आवळायला दोन माणसं लागतात, एकानं पाईप धरायचा, दुसऱ्यानं पाना फिरवायचा. दादा एवढ्यासाठीच बोलवत होता.

मी बाईंना हाक मारली. त्या गुडघे धरत वर आल्या, पाईप घट्ट धरून उभ्या राहिल्या. अर्ध्या मिनिटात काम झालं.

खाली येऊन हवा जाऊ द्यायला सगळे नळ सोडले. खोकला विरळ होत गेला. मग पाईप वाजला, तीनदा. ही शेवटची हवा होती. यानंतर हा पाईप कधी ठोकणार नव्हता. मी पाना उचलला आणि एक ठोका दिला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"मला ऐकू आलं होतं, बाई. त्या दिवशी. दोन्ही वेळा."

पाणी नितळ, सरळ पडत होतं. बाईंनी पुढे होऊन नळ बंद केला.

"मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "वहिनीला सांगा."