सेउपूल्यांच्या पायावरची चटई

प्रत्येक नव्या परिचारिकेने शुश्रूषेविषयीचे स्वतःचे तत्त्वज्ञान एका पानात लिहून द्यावे, असा सवाईई बेटावरील त्या रुग्णालयाचा नियम होता. आणि तिरेसाचे पान दोनदा परत आले होते.

"करुणा, समर्पण, सर्वांगीण सेवा!" मुख्य परिचारिका एपेनेसा सिस्टरांनी कागद टेबलावर टाकला. "शब्द झकास आहेत गं. पण यात तू कुठं आहेस? हे तर तिकडं राजधानीत, अपियातल्या कुठल्याही पोरीनं लिहिलं असतं."

"पुन्हा लिहिते, सिस्टर."

"लिही. आधी सेउपूल्यांच्या घरी जाऊन त्यांची पट्टी बदलून ये."

सेउपूले हे गावचे वृद्ध सरदार. मधुमेहामुळे त्यांच्या डाव्या घोट्यावरील जखम दोन महिने भरत नव्हती. पंधरा दिवसांत सुधारणा न झाल्यास त्यांना बोटीने अपियास नेऊन पाय गुडघ्याखालून कापावा लागेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. नोंदवहीत मात्र अकरा वेळा एकच वाक्य होते: पायावर भार देऊ नये असे सांगितले, रुग्णाने मान्य केले.

चहूबाजूंनी उघड्या अशा त्या घरात वृद्ध गृहस्थ सरदार म्हणून ठरलेल्या आपल्या मानाच्या खांबाशी मांडी घालून बसले होते. तिरेसाने उभ्यानेच विचारले, "पायावर भार द्यायचा नाही, लक्षात आहे ना?"

"होय, होय," ते अत्यंत प्रसन्नपणे म्हणाले.

त्यांची पत्नी पंख्याने माश्या हाकत होती. "लिहून घे बाई, लिहून घे! चाळीस वर्षं मलाही होयच म्हणतात. छप्पर अजून गळतंय."

तिरेसाची लेखणी जागीच थांबली. ती अशाच घरात वाढलेली होती. उभ्या राहिलेल्या अधिकारी माणसाला वडीलधारे 'होय' म्हणतात, ते त्याला सन्मानाने वाटेला लावण्याकरिता, हे तिला बालपणापासून ठाऊक होते; गणवेश चढविल्यापासून तेवढ्याचे विस्मरण झाले होते. तिने वही मिटली, कमरेत वाकून 'तुलोऊ' अशी क्षमा मागितली, खाली बसली आणि तो पाय आपल्या मांडीवर घेतला. तिने पट्टी सोडली. मांडी घातल्यावर घोट्याचे जे हाड जमिनीला टेकते, नेमक्या त्याच हाडावर जखम होती. ती जखम सावकाश धुऊ लागली. अखेर वृद्ध स्वतःहून बोलले.

"सभा चाललीय. जमिनीचा तंटा आहे. मी रोज सकाळपासून बसतो."

"मांडी घालूनच, आजोबा?"

"मग काय पाय पसरून बसू? बारा सरदारांच्या तोंडासमोर तळवे करू? बापानं एवढंही शिकवलं नाही तुला?"

"शिकवलं. पसरलेल्या पायावर चटई घातली की अपमान होत नाही, हेही शिकवलं."

"ती आजाऱ्यांसाठी!"

"आणि तुम्ही कोण, नवरदेव?" पत्नी म्हणाली.

"नाही. मी चटई घेणार नाही. लोक म्हणतील, सेउपूले संपला."

तिरेसाला मनस्वी आनंद झाला. अकरा 'होय' निरुपयोगी ठरले होते; या एका 'नाही'शी बोलता येत होते.

"पाय कापल्यावर तुम्ही खांबाशी कसे बसाल, आजोबा? आणि तुमच्या जागी कोण बसेल?"

वृद्धाने बाहेर पाहिले. तंट्यातील दुसऱ्या घराण्याचे छप्पर तेथून दिसत होते.

पत्नी उठली आणि रंगीत लोकरीच्या झालरीची स्वतः विणलेली चटई घेऊन आली. "ही घाला. लोक पायाकडं बघणारच नाहीत. माझी वीण बघतील."

"विचार करतो," ते म्हणाले.

वहीत तिरेसाने लिहिले: रुग्णाने मान्य केलेले नाही. कारण, सभेतील मान. चटई सुचविली. उद्या पुन्हा बसणार.

दुसऱ्या दिवशी सभेत पाय पसरलेला होता आणि त्यावर चटई होती. पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी जखम पाहिली. ती निम्मी भरली होती, कडा गुलाबी होत्या. बोटीच्या यादीतील नाव त्यांनी खोडले.

त्याच दुपारी सिस्टरांनी तिसरे पान वाचले. त्यात दोनच ओळी होत्या: मी आधी बसते. रुग्णाचे 'नाही' सापडेपर्यंत त्याचे 'होय' मी लिहीत नाही.

"एवढंच?"

"एवढंच, सिस्टर. याहून जास्त मला अजून ठाऊक नाही."

सिस्टरांनी पान फाइलला लावले. "तीन नंबरच्या खाटेवरची बाई गोळ्या घेते म्हणते, रोज अगदी हसून. जरा बघ बरं."

तिरेसाने वही तेथेच ठेवली आणि कोपऱ्यातील बुटके स्टूल उचलले.